पाणचक्कीवाल्याच्या मुलाची नदी

1832 च्या नोव्हेंबरात एक प्रवासी घोडागाडी सफोक परगण्यातून लंडनच्या दिशेने निघाली होती. आत तिघे जण होते, एकमेकांना अनोळखी. गाडी डेडमच्या खोऱ्यातून जाऊ लागली तेव्हा त्यांतला एक जण बाहेर बघत म्हणाला, की हा मुलूख फार सुंदर आहे. दुसऱ्याने लगेच माहिती पुरवली, की आहेच, हा कॉन्स्टेबलचा मुलूख आहे! त्यावर पहिल्याने घाईघाईने आपले नाव सांगून टाकले. समोरचा पुढे काही भलतेच बोलून बसला तर या क्षणाची गोडी जाईल, असे त्याला वाटले. तो पहिला प्रवासी म्हणजे खुद्द चित्रकार जॉन कॉन्स्टेबल. त्याच्या चित्रांवरून छापण्यासाठी ठसे कोरणाऱ्या डेव्हिड लुकासला त्याने हा प्रसंग पत्रातून कळवला.

एखाद्या खोऱ्याला राजाचे किंवा सेनापतीचे नाव मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. इथे ते चित्रकाराचे मिळाले आणि तेही तो हयात असताना. आजही सफोक आणि एसेक्स या परगण्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या स्टूर नदीच्या या टापूला लोक त्याच नावाने ओळखतात. मॅनिंगट्रीच्या रेल्वे स्थानकावर उतरायचे, नदीच्या काठाने कुरणे तुडवत फ्लॅटफर्डला जायचे, तिथून पुढे डेडम आणि ईस्ट बर्गोल्ट, असा पायी फेरा हजारो लोक करतात. वाटेत विलोची झाडे, संथ पाणी, चरणारी गुरे. डोळे निवतात. इंग्लंडमधले खेडे म्हणजे शांतता, असा समज घेऊन आलेला माणूस तोच समज पक्का करून परततो.

पण कॉन्स्टेबलची चित्रे नीट पाहिली तर त्यांत या अर्थाची शांतता सापडत नाही. त्यांत कोणी ना कोणी काम करत असते. होड्यांसाठी नदीत बांधलेल्या लॉकचा दरवाजा उघडण्यासाठी माणूस अंगाचा सगळा भार टाकतो आहे, घोडा उडी मारतो आहे, होडीच्या सांगाड्यावर सुतार वाकला आहे. हे खोरे कॉन्स्टेबलला दिसले ते कामाच्या अंगाने. म्हणूनच ते जगाने पाहावे असे ठरले.

नदी होती, रस्ताही होता

त्या काळची स्टूर म्हणजे मालवाहतुकीचा हमरस्ता होती. 1705 मध्ये पार्लमेंटने कायदा करून सडबरीपासून मॅनिंगट्रीपर्यंत, म्हणजे सुमारे 38 किलोमीटर, ही नदी होड्यांना चालण्याजोगी करण्यास परवानगी दिली. ठिकठिकाणी बांध घातले गेले, लॉक बांधले गेले. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला पाण्याचा हौद. होडी आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे आणि होडीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर न्यायचे. सपाट बुडाच्या लांब होड्या दोन-दोनच्या जोडीने एकमेकींना बांधून चालत आणि काठावरून घोडा त्या ओढत असे. खाली जाताना धान्य, पीठ, विटा. वर येताना कोळसा.

जॉनचे वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल या वाहतुकीतले बडे प्रस्थ होते. चुलत्याकडून त्यांना फ्लॅटफर्डची पाणचक्की वारसाने मिळाली होती. पुढे डेडमची पाणचक्कीही त्यांच्या हाती आली. ईस्ट बर्गोल्टच्या गायरानावर पवनचक्की होती, नदीत स्वतःच्या होड्या होत्या, त्या बांधायला फ्लॅटफर्डला स्वतःची गोदी होती. खोऱ्यातला गहू दळून पीठ मिस्टलीच्या धक्क्यावर जाई आणि तिथून त्यांच्याच जहाजातून लंडनला. लंडनच्या भट्ट्यांत भाजल्या जाणाऱ्या पावातला काही वाटा असा स्टूरच्या पाण्यावरून येत असे. या घरात 11 जून 1776 रोजी जॉनचा जन्म झाला.

थोरला भाऊ आजारपणामुळे धंदा सांभाळू शकणार नव्हता. म्हणून वडिलांची नजर जॉनवर होती. त्याने वर्षभर चक्कीवर काम केलेही. पवनचक्कीच्या एका लाकडावर त्याने आपले नाव आणि 1792 हे साल कोरले. तो लाकडाचा तुकडा जपून ठेवला गेला आहे. पवनचक्कीवर काम करणाऱ्याला आभाळ वाचावेच लागते. वारा कुठून येतो, ढग कसे चालले आहेत, सर कधी येईल, हे वेळेत कळले नाही तर पाती मोडतात. पुढे 1821 आणि 1822 मध्ये कॉन्स्टेबलने लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या टेकडीवर नुसत्या आभाळाची कित्येक चित्रे केली आणि त्यांच्या पाठीवर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टिपून ठेवली. ही सवय त्याला कलाशाळेने लावलेली नव्हती. जॉनच्या चित्रातली चक्की पाहिली की ती फिरेल याची खात्री पटते, असे त्याचा धाकटा भाऊ एब्रम म्हणे. इतर चित्रकारांच्या चक्क्यांबद्दल त्याला ही खात्री वाटत नसे. चक्की चालवणाऱ्या माणसाने दिलेली ही पावती आहे. कोणत्याही समीक्षकाच्या अभिप्रायापेक्षा मला ती मोलाची वाटते.

शेवटी वडिलांनी मन मोठे करून मुलाला 1799 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेत जाऊ दिले. धंदा एब्रमने सांभाळला. तो धंदा चालला म्हणून जॉनला चित्रे काढता आली, हेही विसरून चालणार नाही.

लग्नाचा आहेर आणि खताचा ढीग

इंग्लंडमध्ये त्या काळी निसर्गचित्राला दुय्यम स्थान होते. वरच्या पंगतीत बसायची ती पुराणकथांची आणि इतिहासातल्या प्रसंगांची चित्रे. निसर्ग रंगवायचाच तर इटलीचा सोनेरी उजेड, भग्न देवळे, दूरवर धूसर डोंगर. याच नदीकाठी वरच्या अंगाला सडबरीत 1727 मध्ये जन्मलेल्या टॉमस गेन्सबरोला निसर्गचित्रांची ओढ होती, पण त्याचे पोट भरले ते बड्या लोकांच्या व्यक्तिचित्रांवर. कॉन्स्टेबलचा गेन्सबरोवर जीव होता. सफोकच्या कुंपणाकुंपणात आपल्याला गेन्सबरो दिसतो, असे त्याने तरुणपणी लिहिले होते. पण त्याने निवडलेली वाट अधिक कठीण होती. 1802 मध्ये त्याला लष्करी विद्यालयात चित्रकला शिकवण्याची बऱ्या पगाराची नोकरी चालून आली. ती त्याने नाकारली आणि गावी परतून समोर दिसेल ते रंगवायचे, असे ठरवले.

समोर दिसेल ते म्हणजे काय, याचा पुरावा बॉस्टनच्या संग्रहालयात असलेल्या एका चित्रात आहे. 1814 च्या शरद ऋतूत त्याने स्टूरच्या खोऱ्याचे आणि डेडम गावाचे एक चित्र काढायला घेतले. फिलाडेल्फिया गॉडफ्री या गावातल्या बड्या घरच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि तिच्या भावी पतीने, टॉमस फिट्झह्यूने, तिला भेट देण्यासाठी ते सांगितले होते. नवरी माहेर सोडून जाणार, तिला माहेरची आठवण म्हणून हे चित्र. कल्पना मोठी हृद्य. आता चित्र पाहा. दूरवर डेडमच्या चर्चचा मनोरा, मधे नदी आणि कुरणे, आणि अगदी पुढे, जिथे दुसऱ्या कोणीही फुलांची झुडपे काढली असती तिथे, खताचा भलामोठा ढीग! गडी तो उपसून गाडीत भरत आहेत, घोडे उभे आहेत.

यात कोणाची थट्टा नव्हती. शरदात पेरणीआधी शेतात खत टाकायचे असते. ते चांगले कुजलेले असेल तर पुढचे पीक चांगले येणार, हे खोऱ्यात जन्मलेल्या प्रत्येकाला, त्या नवरीलाही, ठाऊक होते. ज्या मातीने घर भरले त्या मातीची तयारी नव्या संसाराला भेट म्हणून द्यावी, याहून शुभ काय असू शकते? खताचा वास ज्याच्या परिचयाचा आहे अशाच चित्रकाराला हे सुचू शकते.

त्याच वर्षी त्याने वडिलांच्या गोदीत होडी बांधण्याचे कामही रंगवले. हे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि ते पूर्णपणे उघड्यावर, जागेवर बसून केले, असे तो सांगे. होडी कोरड्या गोदीत उभी आहे, आजूबाजूला हत्यारे, लाकडाचे ढलपे, एका बाजूला धूर सोडणारे डांबराचे भांडे. गोदीतले पाणी कसे बाहेर काढत, होडी टेकूवर कशी उभी करत, हे या चित्रातून समजते. ती गोदी पुढे बुजून गेली आणि विसाव्या शतकात पुन्हा मोकळी करण्यात आली.

सहा फुटी चित्रे

1816 साल त्याच्या आयुष्यात मोठे ठरले. ईस्ट बर्गोल्टच्या धर्मगुरूची नात मारिया बिकनेल हिच्यावर त्याचे प्रेम होते. आजोबा डॉ. ऱ्हड यांना चक्कीवाल्याचा चित्रकार मुलगा पसंत नव्हता आणि त्यांच्या इस्टेटीवर पाणी सोडण्याची मारियाच्या घरच्यांची तयारी नव्हती. 1809 पासून सात वर्षे दोघांनी पत्रांवर काढली. मे 1816 मध्ये गोल्डिंग कॉन्स्टेबल वारले, वारशातून जॉनला थोडे स्थैर्य आले आणि 2 ऑक्टोबरला लंडनमध्ये लग्न झाले. लग्न लावले जॉन फिशर या धर्मगुरू मित्राने. हाच फिशर पुढे त्याच्या पडत्या काळात आधार झाला.

लग्नानंतर लंडनला बिऱ्हाड झाले, सात मुले झाली आणि स्टूर लांब राहिली. नदी दुरावल्यावर ती चित्रांत मोठी होत गेली. तरुणपणीच्या रेखाटनांच्या वह्या उघडून त्याने सहा फुटी कॅनव्हास हाती घेतले. 1819 मध्ये ‘द व्हाइट हॉर्स’ प्रदर्शनात आले. होडीत पांढरा घोडा उभा आहे आणि माणसे लांब काठ्यांनी रेटून होडी पलीकडे नेत आहेत. घोडा होडीत का? कारण काठावरची घोडवाट सलग नव्हती. जमीनमालकांच्या हद्दी आड आल्या की वाट या काठावरून त्या काठावर जाई आणि मग होडी ओढणाऱ्या घोड्यालाच होडीत चढवावे लागे. 1825 च्या ‘द लीपिंग हॉर्स’मध्ये असाच होडी ओढणारा घोडा अडसरावरून उडी घेतो. गुरे दुसऱ्याच्या कुरणात शिरू नयेत म्हणून घोडवाटेवर आडवे अडसर घातलेले असत आणि होडीचे घोडे त्यांवरून उडी मारायला शिकवलेले असत. चित्रात हे सगळे वीरश्रीने भरलेले दिसते, पण मुळात ती रोजच्या वाहतुकीतली अडचण आहे. फिशरने ‘द व्हाइट हॉर्स’ शंभर गिनींना विकत घेतले. त्याच वर्षी कॉन्स्टेबल रॉयल अकॅडमीचा सहसभासद झाला.

1821 मध्ये ‘द हे वेन’ आले. आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या चित्रांत त्याची गणना होते. नदीच्या उथळ पाण्यात रिकामी घोडागाडी उभी आहे. डावीकडे विली लॉटचे घर. हा लॉट कुळाने शेती करणारा माणूस. ऐंशीहून अधिक वर्षांच्या आयुष्यात तो या घराबाहेर फक्त चार रात्री राहिला, अशी त्याची ख्याती होती. घराजवळ एक बाई पाण्याशी वाकली आहे. काठावर कुत्रा उभा आहे. दूर उजवीकडे, बारीक नजरेने पाहिले तर, उन्हात गवत कापणारे मजूर आणि भरलेली दुसरी गाडी दिसते. म्हणजे पाण्यातली गाडी तिकडेच निघाली आहे. घोड्यांना पाणी मिळते आणि चाकांनाही. उन्हाळ्यात चाकाचे लाकूड आकसते आणि लोखंडी धाव सैल होते. पाण्यात भिजले की लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसते. आपल्याकडच्या बैलगाडीवाल्याला हे चित्र समजायला कलेचा इतिहास वाचावा लागणार नाही.

चित्र लंडनच्या कार्यशाळेत रंगवले जात असताना त्याला गाडीचे नेमके रूप आठवेना. त्याने गावी एब्रमला कळवले. एब्रमने गावातल्या जॉन डनथॉर्न या तरुणाला ऐन थंडीत बाहेर बसवून गाडीचे रेखाटन करून घेतले आणि पाठवले. उन्हाळ्याच्या भर दुपारच्या या चित्रातली गाडी अशी हिवाळ्यात काकडत काढलेल्या रेषांवर उभी आहे. चित्राचे मूळ नाव होते फक्त ‘निसर्गदृश्य : दुपार’.

लंडनमध्ये ते विकले गेले नाही. फ्रेंच चित्रकार जेरिकोने ते पाहिले आणि वाखाणले. पॅरिसचा व्यापारी जॉन अॅरोस्मिथ याने आधी सत्तर पौंड देऊ केले, ते कॉन्स्टेबलने नाकारले. 1824 मध्ये ‘द हे वेन’, स्टूरचे आणखी एक मोठे चित्र आणि एक छोटे चित्र मिळून अडीचशे पौंडांना व्यवहार ठरला. त्या वर्षीच्या पॅरिसच्या प्रदर्शनात या चित्रांनी खळबळ उडवली. हिरव्या रंगात इतक्या छटा असू शकतात, ओले पान असे चमकू शकते, हे फ्रेंच चित्रकारांनी डोळे भरून पाहिले. तरुण देलाक्रवाने ही चित्रे पाहून आपल्या ‘किऑसचे हत्याकांड’ या चित्रावर पुन्हा हात फिरवला, असे सांगितले जाते. दहाव्या चार्ल्स राजाने सुवर्णपदक दिले. ते घ्यायला कॉन्स्टेबल पॅरिसला गेला नाही; आयुष्यभर त्याने इंग्लंडबाहेर पाऊल टाकले नाही. एवढ्याशा खोऱ्यात त्याला आयुष्याला पुरेल इतके सापडले होते.

चित्राच्या चौकटीबाहेर

इथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडायला हवी. ही चित्रे रंगवली जात होती तेव्हा खोरे सुखात नव्हते. 1815 मध्ये नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले, धान्याचे भाव कोसळले, सैनिक गावी परतले आणि मजुरी मिळेनाशी झाली. त्याच सुमारास ईस्ट बर्गोल्टचे गायरान कुंपणात गेले. ज्या माळावर गरिबाची गाय चरायची आणि सरपण मिळायचे, तो खासगी मालकीचा झाला. कॉन्स्टेबल कुटुंब या वाटपात फायद्याच्या बाजूला होते. 1816 मध्ये आणि पुन्हा 1822 मध्ये पूर्व इंग्लंडमध्ये शेतमजुरांनी मळणी यंत्रे फोडली, गवताच्या गंजी पेटवल्या. 1822 च्या एप्रिलमध्ये कॉन्स्टेबलने फिशरला एब्रमची चिंता कळवली : जवळ नाहीतर दूर आग दिसली नाही अशी एकही रात्र जात नाही आणि ज्यांनी धीर द्यायचा ते धर्मगुरू आणि जमीनदार गाव सोडून निघून गेले आहेत.

या आगी त्याच्या चित्रांत नाहीत. मजूर आहेत, पण लहान आणि दूर. त्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत. कॉन्स्टेबल परंपरेच्या बाजूचा माणूस होता, राजकीय सुधारणांना त्याचा विरोध होता. काम त्याने बारकाईने पाहिले, पण ते मालकाच्या मुलाच्या नजरेने. चक्कीचे पाणी किती चढले हे त्याला कळे. चक्कीवर येणाऱ्या मजुराच्या घरी पीठ किती, हा प्रश्न त्याच्या कॅनव्हासवर आला नाही. असे असूनही त्याने नदीला नटवून, कामापासून सोडवून दाखवले नाही. कुजलेल्या फळ्या, शेवाळलेले खांब, बांधावरून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज यांनीच आपल्याला चित्रकार केले, असे त्याने 1821 मध्ये फिशरला लिहिले होते. त्यामुळे त्याच्या चित्रांत राबणाऱ्या खोऱ्याचा पुरावा शाबूत राहिला आणि त्याच पुराव्याच्या आधाराने आज आपण त्याला न दिसलेल्या गोष्टींबद्दल प्रश्न विचारू शकतो.

नोव्हेंबर 1828 मध्ये मारिया क्षयाने गेली. पुढच्याच फेब्रुवारीत तो अकॅडमीचा पूर्ण सभासद झाला, एका मताच्या फरकाने. ज्या आनंदात तिचा वाटा असायचा तो असा उशिरा आला. 31 मार्च 1837 रोजी तोही गेला.

रेल्वेने नेले, रेल्वेने आणले

1846 मध्ये रेल्वे मॅनिंगट्रीला पोहोचली. होडीने ज्याला दिवस लागत तो माल तासांत जाऊ लागला. नदीवरची वाहतूक ओसरत गेली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती चालवणारी कंपनी मोडली. होड्या बंद पडल्या, लॉक ढासळले. पण त्याच रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पर्यटक आणले. ‘द हे वेन’ 1886 मध्ये हेन्री वॉन या संग्राहकाने नॅशनल गॅलरीला दिले होते; ते पाहिलेले लोक आता मूळ जागा शोधत येऊ लागले. चित्रकारही आले. ॲल्फ्रेड मनिंग्जने 1919 मध्ये डेडमला घर घेतले आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. 1937 मध्ये सेड्रिक मॉरिसने डेडमलाच कलाशाळा काढली. पुढे जगप्रसिद्ध झालेला लुसियन फ्रॉइड तिथे शिकला.

फ्लॅटफर्डची चक्की आणि विली लॉटचे घर 1920 च्या दशकात पडझडीला आले होते. टॉमस पार्किंग्टन या सफोकच्याच गृहस्थाने ते विकत घेऊन दुरुस्त केले आणि 1943 मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे आले. 1946 मध्ये त्या चक्कीत निसर्गअभ्यासाचे केंद्र सुरू झाले. 1970 मध्ये डेडमच्या खोऱ्याला संरक्षित निसर्गसौंदर्याचा प्रदेश म्हणून सरकारी मान्यता मिळाली. पण मान्यतेने सगळे वाचत नाही. कॉन्स्टेबलने माणसांइतक्याच मायेने रंगवलेले उंच एल्म वृक्ष 1970 च्या दशकातल्या बुरशीच्या साथीत मरून गेले. आज त्याच्या चित्रांतून एल्म वजा केले तर अर्धे आकाश रिकामे होईल, आणि प्रत्यक्ष खोऱ्यात ते तसे झालेलेच आहे.

खोरे जपण्याचा प्रश्न म्हणूनच फक्त दृश्य जपण्याचा नाही. ती कुरणे गुरे चरल्यामुळे मोकळी राहिली, विलोची झाडे छाटल्यामुळे ठेंगणी आणि दाट राहिली, नदी गाळ उपसल्यामुळे वाहती राहिली. काम थांबले की तोच देखावा काही वर्षांत झुडपांत बुडतो. स्टूरच्या काठी जाणाऱ्याने विली लॉटच्या घरापुढे फोटो काढण्याआधी लॉकचे दरवाजे पाहावेत, घोडवाट शोधावी, कोरड्या गोदीच्या काठावर उभे राहून पाणी कुठून आत येई आणि कुठून बाहेर जाई ते समजून घ्यावे. ते समजले की चित्रे उलगडतात. आपल्या गावची नदी पाहतानाही हाच धडा उपयोगी आहे : तिच्यावर कोण काय काम करत होते, हे विचारल्याशिवाय तिचे सौंदर्य पुरते दिसत नाही आणि ते काम कोणी पुढे नेणार आहे का, हे ठरवल्याशिवाय ते टिकतही नाही.